खिशात अंडी घेऊन कबड्डी

चाचा कबड्डीचा सामना बघायला यायचे ते टोमॅटोचं रिकामं खोकं घेऊन. खोक्याच्या एका बाजूला आडवी फट कापलेली असे. मैदानाच्या कडेला जमिनीवरच बसकण मारायची, खोकं तोंडासमोर धरायचं आणि त्या फटीतून बघायचं. फट अशा बेताने धरलेली, की खेळाडूंचं गुडघ्याखालचंच काय ते दिसावं. नव्या माणसाला वाटे, म्हातारा उन्हाला जपतोय. मीही पहिल्यांदा तेच समजलो आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरायला गेलो, तर मला हाताने बाजूला सारून म्हणाले, "वरचं सगळं नाटक असतं रे. मांडीवर थाप काय, डोळे वटारणं काय. पाय बिचारा खोटं बोलत नाय."

सामना संपला की ते खोकं खाली ठेवायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "कोण जिंकलं?" त्यांना ठाऊक नसायचं असं नाही. पण त्या प्रश्नाने आमच्या संघातली पोरं अशी काही चिडायची, की चाचांना तेवढ्यानेच आठवडाभर पुरेल एवढा आनंद व्हायचा.

मस्कतजवळच्या मवालेहच्या भाजीबाजारात त्यांचा ठोक व्यापार होता. कांदे, टोमॅटो, मिरच्या. हॉटेलं आणि कामगारांच्या मेसना माल जायचा. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. अंगाने चांगले भरलेले, डोक्यावर जाळीची टोपी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. पोटामुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत म्हणून लोकांचे बघत बसतात, असं त्यांचा हिशेबनीस म्हणायचा आणि तेही त्यांच्या तोंडावर. या माणसाने मुंबईत राहून वकिलीची पदवी घेतलेली आहे हे मला फार उशिरा कळलं. मी विचारलं, मग वकिली का केली नाहीत? तर म्हणाले, "कोर्ट आणि मैदान, दोघांची वेळ एकच पडायची."

ते स्वतः मात्र आयुष्यात एकदाही कबड्डी खेळले नव्हते. लोक त्यावरून टोमणे मारत. चाचा शांतपणे सांगत, "खेळलो असतो तर बघितलं कोणी असतं?"

त्यांची नि माझी ओळख झाली ती एका कलिंगडामुळे.

मी तेव्हा मस्कतमधल्या बौशरला पाच जणांत एका फ्लॅटमध्ये राहत होतो आणि एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात कारकून होतो. शुक्रवारी सुट्टी. आमच्या मेसची भाजी आणायचं काम माझ्याकडे होतं. बाजार तेव्हा नवा होता, सगळं चकाचक. एका शुक्रवारी चाचांच्या दुकानाशी उभा असताना शेजारच्या ट्रकवरच्या राशीतून एक कलिंगड घरंगळलं. मी काही विचार केला नाही. अंग आपोआप गेलं. हात पुढे टाकून मी जमिनीवर सूर मारला आणि कलिंगड भुईला लागायच्या आत झेललं. कोपरं सोलवटली, शर्टाची वाट लागली, पण आजूबाजूच्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. एका पठाणाने पाठ थोपटली.

चाचा खुर्चीतून हलले नव्हते. म्हणाले, "कलिंगड वाचलं. आता वरून दुसरं घरंगळलं असतं तर? तू आडवा."

मी कपडे झटकत होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "उजवा कोपरा ना?"

मी बघतच राहिलो. ओमानात येऊन मला दोन वर्षं होत आली होती आणि मी कबड्डी खेळायचो हे मी एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

"कॉलेजात हार घातले असतील," चाचा म्हणाले. "आणि मग कंपनीने नोकरी दिली, नि बाकावर बसवला. चूक असेल तर सांग, एक पेटी टोमॅटो देतो."

टोमॅटो मला मिळाले नाहीत. त्या दिवसापासून माझं नाव मात्र 'कॉलेज' पडलं. काय कॉलेज, आज भेंडी कोवळी हाय, घेऊन जा. कॉलेज, बस हितं. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही याची मला शंकाच आहे.

त्यांनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात मी कॉलेजात असताना माझ्या नावावर गर्दी जमायची. उजव्या कोपऱ्यात उभा राहायचो आणि चढाईला आलेला गडी परत वळला, की मागून सूर मारून त्याचा घोटा धरायचो. पेपरात फोटो आला होता. विद्यापीठाच्या संघात गेलो. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीने खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं, तेव्हा गावाने माझी मिरवणूक काढली आणि वडील मिरवणुकीत सर्वांत पुढे चालत होते. त्यानंतर एका हंगामात सगळं आटोपलं. व्यावसायिक सामन्यांत माझ्या हाताला घोटा लागेना. मी सूर मारायचा, गड्याने पाय उचलायचा, मला शिवायचं आणि निघून जायचं. आधी मला राखीव ठेवलं, मग संघाबाहेर काढलं. माझ्या जागी दुसरा आला. करार संपल्यावर नोकरीही गेली.

आमच्याकडे अशा वेळी एकच कारण असतं. राजकारण. संघाचे व्यवस्थापक आमच्याच तालुक्यातले होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. माझ्या जागी आलेला मुलगा त्यांच्या ओळखीचा निघाला. झालं. साहेबांनी आपला माणूस घुसवला हे घरात ठरलं, मग गावात ठरलं, आणि मलाही ते मनापासून पटलं. साहेब आणि वडील शाळेपासूनचे दोस्त. वडिलांनी त्यांच्या घरी पाऊल टाकणं बंद केलं. गणपतीत साहेब गावी यायचे, आमच्या ओट्यासमोरून जायचे, आणि वडील पेपर वाचत बसायचे. साहेबांची आई गेली तेव्हाही वडील गेले नाहीत. मी मस्कतहून फोन केला, की शेवटी हा विषय निघायचाच. "त्याने तुझं वाटोळं केलं," असं म्हणून ते फोन आईकडे द्यायचे.

हे सगळं मी चाचांना सांगितलं. खूप दिवसांनी कोणीतरी ऐकणारं भेटलं होतं. चाचा भेंडीचे देठ मोडत ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांच्यातला वकील जागा झाला.

"तुझ्या जागी जो आला, त्याने पकडी केल्या की नाय?"

"केल्या."

"चांगल्या?"

"चांगल्या केल्या."

"संघ जिंकला?"

"त्या वर्षी जिंकला."

"मग साहेबाचा गुन्हा काय?"

मी म्हटलं, पण तो त्यांच्या ओळखीचा होता.

"तूही ओळखीचाच होतास. तुझ्या बापाचा दोस्त ना तो? ओळखीच्या माणसाला काढून ओळखीचा घातला. ह्यात राजकारण कुठलं?"

मला इतका राग आला, की भेंडी तिथेच टाकून निघालो. पुढचे काही शुक्रवार मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या बंगाल्याकडून भाजी घेतली. ती महाग होती आणि मेसमधले लोक कुरकुरायला लागले. पण माणसाचं गाऱ्हाणं असं कोणी काढून घ्यायला आलं, की तो ते छातीशी घट्ट धरतो. नोकरी गेली होती, खेळ गेला होता. हातात तेवढंच उरलं होतं.

आणि तरी चाचांचा तो प्रश्न काही पाठ सोडेना. गोदामात एसीचे पंखे मोजताना मी मनातल्या मनात ते जुने सामने पुन्हा बघायला लागलो. माझ्या डोळ्यांपुढे साहेब येईनात. प्रत्येक वेळी मीच दिसायचो, पोटावर पडलेला, तोंडात माती गेलेला. शेवटी एका शुक्रवारी मी परत चाचांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मागचं काही काढलं नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "बस. आता सांगतो."

कॉलेजातले नावाजलेले कोपरे कंपनीत जाऊन का पडतात, यावर चाचांनी आयुष्यभर विचार केला होता. असे किती तरी त्यांनी बघितले होते, एकेकाचा पाय त्यांना आठवत होता. त्यांचं म्हणणं असं. कॉलेजातला चढाई करणारा पोरगाच असतो. समोर दांडगा कोपरा दिसला की तो घाबरतो, आणि घाबरला की पाठ फिरवतो. पाठ फिरली की पाय मागे राहतो. तो कोणीही पकडेल. कंपनीतला गडी पाठ फिरवतच नाही. तो पाय मुद्दाम पुढे ठेवतो, बघतो हा उडी मारतो का. उडी मारलीस की त्याचं काम झालं. तू खाली, तुझा कोपरा मोकळा, आणि त्याला घरी जायला रस्ता.

"तुझं डोकं पायाच्या आधी जातं," चाचा म्हणाले. "कॉलेजात ते चाललं, कारण समोरचा कच्चा होता. आणि तुझ्या आतल्या बाजूला, कव्हरला, कोण होता?"

मी आमच्या कव्हरवाल्या मित्राचं नाव सांगितलं. शांत मुलगा, कोणाच्या लक्षातही राहायचा नाही.

"त्याचा फोटो आला पेपरात?"

"नाही."

"तू आडवा पडलास की मोकळा झालेला रस्ता तो बंद करत होता. म्हणून तू फोटोत आलास."

मी म्हटलं, मग मला कोणी सांगितलं का नाही? एवढे शिक्षक होते, मार्गदर्शक होते.

"अरे, जिंकणाऱ्या पोराला कोण शिकवतो? हरणाऱ्याला शिकवतात. तुला त्या साहेबाने नाय मारला. तुला टाळ्यांनी मारला." मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पण हे शिकता येतं. मरणाचा रोग नाय हा."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. ज्यांना मी फसवला गेलो असं वाटत होतं, त्यांनी माझी समजूत घातली. ज्यांना मी भंपक वाटलो, ते गप्प बसले. 'शिकता येतं' असं म्हणणारे चाचा एकटेच. मला आठवतं, मी चहाचा कप हातात धरून बाजाराच्या पत्र्यांकडे बघत बसलो होतो आणि डोळे भरून आले होते.

मस्कतबाहेर अल अमेरातला डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत चाचांचा संघ सराव करायचा. ड्रायव्हर, सुतार, हॉटेलातले वेटर, बहुतेक सगळे रत्नागिरी-रायगडचे. तिथली जमीन म्हणजे नुसते गोटे. चाचांनी बरका गावच्या एका खजुराच्या बागेतून गोडी, बिनखारी माती पिकअपमध्ये घालून आणवली होती. पोरांनी ती कांद्याच्या पोत्यांमधून चाळली आणि टँकरने पाणी मारून मैदान केलं. शुक्रवारची नमाज आणि जेवण झालं, उन्हं उतरली, की सगळे जमायचे.

पहिल्याच दिवशी चाचांनी मला हुकूम दिला. "हिवाळाभर सूर बंद."

हुकूम देणं सोपं होतं. पण मी लहानपणापासून सूरच मारत आलो होतो. समोर घोटा दिसला की अंग जाणारच. चाचांनी त्यावर उपाय काढला. मला खिशाचा शर्ट घालायला लावला आणि दोन्ही खिशांत एक एक कच्चं अंडं ठेवलं. "आता मार सूर."

मी मारला. चढाईला आलेल्या ड्रायव्हरने पाय पुढे केला आणि माझी शुद्धच हरपली म्हणा. छातीवरून पिवळा ओघळ पोटापर्यंत आला. पोरं हसून हसून लोळली. चाचांनी खोकं बाजूला केलं, गंभीरपणे दोन नवी अंडी आणली आणि म्हणाले, "यल्ला, चल, पुन्हा."

त्या हिवाळ्यात मी किती शर्ट खराब केले ते आमच्या इमारतीखालच्या धोब्यालाच ठाऊक. तो मला विचारायचा, भाई, बेकरीमध्ये नोकरी लागली का? पण हळूहळू अंडी टिकायला लागली. आधी नुसता उभा राहायला शिकलो. गडी आला की डोकं मागे ठेवून पाय आधी न्यायचा. त्याला धरायचं नाही, त्याची वाट अडवायची. तो आत वळला की कव्हरवाल्याच्या हातात. ऐकायला साधं वाटतं. पण ज्याला सगळ्यांच्या टाळ्यांची सवय लागली आहे, त्याला दुसऱ्याच्या हातात गडी देणं किती जड जातं हे मला विचारा. मी चाचांशी भांडायचो. माझ्या हाताशी घोटा आला होता, मी सोडला, का म्हणून? चाचा म्हणायचे, "तुझ्या हाताशी आला नव्हता. तुला दाखवला होता." शेवटी शेवटी दोन्ही अंडी शाबूत घेऊन मी घरी यायला लागलो आणि शनिवारी मेसमध्ये ऑम्लेट व्हायला लागलं.

चाचांच्या बाकी तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. दुकानात माणूस कामाला ठेवताना त्याला ते बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावत आणि मागून बघत. लग्नाला गेले तरी नवरदेवाचे जोडे बघून यायचे. ओमानी भागीदार त्यांना प्रेमाने मजनून म्हणायचा, म्हणजे वेडा, आणि चाचा त्याला म्हणायचे, अर्बाब मालक, तुम्ही पायांच्या बाबतीत बरे आहात, म्हणून तर भागीदारी केली. चिडलेलं मी त्यांना एकदाच बघितलं. संघातला एक जण दुसऱ्याला 'नशीब नाही बिचाऱ्याचं' म्हणाला तेव्हा. "नशीब म्हणू नको," चाचा कडाडले. "नशीब म्हटलं की शिकणं खलास."

हिवाळा संपता संपता स्पर्धा झाली. आसपासच्या कंपन्यांतल्या कामगारांचे संघ, मंगळुराकडचे, केरळातले, एक पंजाबी. शेवटचा सामना आमचा आणि मंगळुरी संघाचा. त्यांच्यात एक उंच गडी होता, बांधकामावर फोरमन होता तो. भारतात चांगल्या कंपनीकडून खेळून आलेला. पहिल्याच चढाईत तो सरळ माझ्या कोपऱ्यात आला. पाय पुढे ठेवला. अगदी माझ्या हाताच्या अंतरावर, नुसता उचलून घ्यावा असा घोटा. मुंबईत मला बाकावर बसवणारे सगळे घोटे मला त्या एका पायात दिसले.

माझं अंग पुढे गेलं नाही. पाय गेला. मी बाजूची रेघ बंद करून उभा राहिलो. त्याने थोडी वाट बघितली, पुन्हा पाय दाखवला. मी उभाच. मग त्याला आत वळावं लागलं आणि आमच्या कव्हरवाल्याने, गुहागरच्या एका सुताराने, त्याला कमरेत धरून उचलला.

सामनाभर हेच चाललं. मी एकही पकड केली नाही. शेवटी अगदी थोडक्यात जिंकलो आणि सगळी गर्दी मैदानात घुसली. सुताराला खांद्यावर घेतलं, त्याच्या गळ्यात हार पडला, कोणीतरी ढोलकी बडवत होतं. मी कडेला जाऊन पाणी पीत होतो. माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. चाचा गर्दीतून वाट काढत माझ्याकडेच आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आज तू कोणाला दिसला नाहीस, कॉलेज," ते म्हणाले. "माशाल्ला. असा खेळलास."

पेपरातल्या फोटोने झाला नव्हता एवढा आनंद मला त्या वाक्याने झाला. आज चाचा नाहीत. पुढे काही वर्षांनी ते गावी परतले आणि तिथेच गेले. त्यांचे आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत, आपल्याकडे तशी पद्धतही नाही. इथे मानतो. माझा खेळ त्यांनी परत दिला ही गोष्ट मोठी आहेच. पण मी कोणाच्या तरी दुष्टपणामुळे बुडालो असं समजून उरलेलं आयुष्य काढलं असतं, ते त्यांनी वाचवलं, हे त्याहून मोठं.

त्या संध्याकाळी बौशरला परतल्यावर मी खालच्या दुकानातून फोनचं कार्ड घेतलं आणि घरी फोन लावला. वडिलांना सांगितलं, इथे स्पर्धा होती, मी खेळलो, जिंकलो. वडील इतके खूश झाले, की बराच वेळ नुसतं 'वा, वा' करत राहिले. मग त्यांचा आवाज नेहमीसारखा कडू झाला.

"बघ. त्या माणसाने तेव्हा तुझं वाटोळं केलं नसतं तर कुठे असतास."

"बाबा," मी म्हटलं, "साहेबांनी काही केलं नव्हतं. मला येत नव्हतं."

पलीकडे रेडिओ चालू होता, तो वडिलांनी बंद केला.

"काय येत नव्हतं?"

"कोपरा. कॉलेजात भागत होतं. तिथे भागलं नाही. साहेबांच्या जागी मी असतो तर मीही मला काढलं असतं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"इथे एक चाचा आहेत. भाजीचे व्यापारी."

"मोठे खेळाडू होते काय?"

"नाही. ते कधीच खेळले नाहीत."

मागे आई विचारत होती, काय झालं, काय म्हणतोय तो. वडील तिला म्हणाले, थांब जरा.

"आणि आता?" त्यांनी विचारलं. "आता येतं?"

"आता येतं."

"बरं," वडील म्हणाले आणि फोन आईकडे न देताच ठेवून दिला.

पुढच्या फोनला आईनेच सांगितलं. साहेब शिमग्याला गावी आले होते. रविवारी सकाळी वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलं, परड्यातल्या झाडाचे नारळ पिशवीत घातले आणि कोणाला काही न सांगता साहेबांच्या घरी गेले. दुपारच्या जेवणालाही आले नाहीत. आई काळजीने दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. संध्याकाळी आले ते तिथेच जेवून.